माणशी किती?

यात्रेचं नुसतं नाव काढलं की बायकांच्या बैठकीत पहिला प्रश्न हाच. कुठे जायचं, किती दिवस, मुक्काम कुठे, हे सगळं मागाहून. आधी माणशी किती? आकडा ऐकून काही जणी लगेच नाव देतात, काही "घरी विचारून सांगते" म्हणतात, आणि एखादी काहीच बोलत नाही. ती पुढच्या बैठकीला येत नाही. मला या न बोलणाऱ्या बाईविषयी लिहायचं आहे, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

कारण हा प्रश्न तसा फार जुना नाही. कित्येक शतकं आपल्या समाजात यात्रेचा खर्च माणशी वाटलाच जात नसे. संघ निघे आणि संघाचा खर्च एक जण उचली. तो संघपती. वाटेचं जेवण, गाड्या-बैलं, राखणदार, जकात, आजाऱ्यांचं औषधपाणी, सगळं त्याच्या शिरावर. तेराव्या शतकात गुजरातच्या वस्तुपाल मंत्र्याने शत्रुंजय-गिरनारला नेलेल्या संघांची वर्णनं प्रसिद्ध आहेत. आज 'संघवी' आडनाव लावणाऱ्या घरांत कुणीतरी पूर्वज असा संघ घेऊन गेलेला असतो. श्रीमंताला पुण्य आणि मान मिळे, आणि गावातल्या विधवेला बैलगाडीत जागा. तिनं किती द्यायचे हा प्रश्नच नव्हता. अर्थात तिला मिंधेपणा वाटत नसेल असं नाही. पण ती जात तरी होती.

संघ म्हणजे सुखाचा प्रवास असंही समजू नये. बनारसीदास या आगऱ्याच्या जैन व्यापाऱ्याने 1641 साली 'अर्धकथानक' नावाची आपली आत्मकथा पद्यात लिहिली. तिच्यात 1604 च्या सुमारास हीरानंद मुकीम यांनी प्रयागहून सम्मेदशिखरजीला नेलेल्या संघाची हकीकत आहे. बनारसीचे वडील खरगसेन त्यात होते. कित्येक जण वाटेत आजारी पडले, काही दगावले, खरगसेनही दुखणं घेऊनच घरी आले. म्हणजे पैशांची तजवीज चोख असली तरी दुखण्याची कलम वहीत राहून जाते, ती तेव्हापासून. याच पुस्तकात बनारसी आगऱ्यात कफल्लक होतो आणि एका कचोरीवाल्याकडे सहा-सात महिने उधारीवर जेवतो. शेवटी हिशोब मागतो तर 14 रुपये. हातात पैसे आल्यावर ते फेडतो. जमाखर्च इतक्या मोकळेपणानं लिहिणारा दुसरा जुना लेखक मला माहीत नाही. वाण्याची जात, दुसरं काय!

आता आपल्या मुलखाकडे. डिचोली तालुक्यात कुडणे इथे जुन्या जैन बसदीचे अवशेष आहेत, नार्व्याला जैनकोट आहे. म्हणजे इथून घाटावर जाणं-येणं आपल्या लोकांना नवं नाही. डिचोलीहून दोडामार्गाकडून रामघाट चढायचा आणि बेळगाव गाठायचं, ही व्यापाराची जुनी वाट. लमाणांचे बैल याच वाटेनं मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत. तेव्हाचा खर्च रुपयांपेक्षा दिवसांत मोजायचा. पावसाळ्यात घाट बंद, म्हणून कार्तिकी पौर्णिमेनंतर निघायचं आणि मृगाच्या आधी परत यायचं. चातुर्मासात मुनी एका जागी राहतात, हे धर्माचं झालं. पण आपल्या कोकण-गोव्याच्या बाजूला श्रावकाच्याही पायाला पाऊसच बेडी घालत होता.

मग रेल्वे आली. 1878 मध्ये ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला, त्यातून मुरगाव ते कॅसलरॉक लोहमार्ग बांधला गेला आणि 1888 पर्यंत गाडी घाट चढू लागली. माझ्या मते 'माणशी किती'चा खरा जन्म इथला. छापील तिकीट, ठरलेला दर, सावकाराला आणि मोलकरणीला तिसऱ्या वर्गाचं भाडं एकच. बाईला पहिल्यांदाच स्वतःच्या प्रवासाची किंमत बोटांवर मोजता येऊ लागली. तिला संघपतीची वाट बघायला नको, की कुणाचे उपकार नकोत.

पण तिकिटाचा आकडा म्हणजे खर्च नव्हे, हेही पहिल्यांदा इथंच कळलं असणार. पेडण्याचा माणूस मुरगावची गाडी धरायला निघाला तर वाटेत शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या. प्रत्येक ठिकाणी होडीचे पैसे, भरती-ओहोटीची वाट, एखादी रात्र कुठेतरी काढणं. त्यापेक्षा बांदा-सावंतवाडीवरून आंबोली घाटानं बेळगाव त्याला सोयीचं. रेल्वे गोव्यात आली, पण पेडण्याला ती लांबच राहिली.

हिशोबाची खरी परीक्षा झाली ती 1955 नंतर. त्या वर्षी 15 ऑगस्टला पेडण्यात पत्रादेवीला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, भारतानं नाकेबंदी आवळली, घाटावरची रेल्वे थांबली. दोडामार्ग डिचोलीहून चालत जाण्याइतकं, बांदा पत्रादेवीच्या पलीकडे दिसतं आहे, आणि तिथं जायला परवाना! ज्यांची माहेरं सरहद्दीपलीकडे, त्या बायकांना प्रवासाचा खर्च किती हे कुणीच सांगू शकत नव्हतं. परवान्यासाठी किती खेपा पडतील त्यावर सगळं. त्यातच पैशांचा गोंधळ. भारतात 1957 च्या एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे आले. गोव्यात रुपयाला सोळा टांगा होत्या, तिथं 1959 मध्ये इश्कुद आले, एका रुपयाला सहा. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षी इश्कुदही गेले, भारतीय रुपया आला. पाच वर्षांत तीन वेळा नव्यानं गणित शिकायचं. ज्या पिढीनं हे केलं ती पिढी पुढे पै-पैचा हिशोब लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवायची, तर आपण त्यांना हसत होतो.

नंतरचं थोडक्यात सांगते. पणजीहून मुंबईची बोट होती, पावसाळ्यात बंद असे. 1980 मध्ये कदंब महामंडळ निघालं. 1998 मध्ये कोकण रेल्वे पुरी झाली आणि पेडण्याला स्वतःचं स्टेशन मिळालं; डिचोलीला मात्र अजून थिवीच गाठावं लागतं. जानेवारी 2023 पासून मोपाहून विमानं उडतात. ज्या पेडण्याला रेल्वेसाठी तीन नद्या ओलांडाव्या लागत, त्याच्या अंगणात विमानतळ. तरी बायकांच्या बैठकीतला प्रश्न तोच, आणि उत्तरही तितकंच अपुरं.

अपुरं का, ते श्रवणबेळगोळचंच उदाहरण घेऊन सांगते, कारण आपल्याकडून सर्वांत जास्त बस तिकडे जातात. समजा बसचं भाडं 1,20,000 रुपये ठरलं. 40 जणी धरून माणशी 3,000 जाहीर होतात. निघताना सहा जणी गळतात: कुणाची सून बाळंत होते, कुणाचे गुडघे सुजतात. मग 34 जणींवर 3,530 पडतात, आणि वरचे पाचशेतीस बसमध्ये बसल्यावर मागितले जातात. म्हणून आकडा पहिल्यापासूनच 34 वर काढावा. उरले तर परत देता येतात.

दुसरं, आपलं जेवण. सूर्यास्ताआधी जेवायचं तर डिसेंबरात पाचच्या सुमारास बस थांबलीच पाहिजे. चालक सांगतो "एका दिवसात पोचवतो", ते रात्री नऊला ढाब्यावर जेवणाऱ्यांसाठी. आपल्याला एक मुक्काम जास्त लागतो, म्हणजे धर्मशाळेचं एक भाडं जास्त, आणि आचारी बरोबर असेल तर त्याचा एक दिवसही. गाळलेलं पाणी आणि कांदा-लसणाशिवायचं अन्न वाटेत सहज मिळत नाही, म्हणून शिदोरीचा खर्च 'किरकोळ'मध्ये ढकलू नये, वेगळा लिहावा. 'किरकोळ' हा शब्द पुरुषांनी शोधला असावा. त्यात जे जे टाकलं जातं ते सगळं कुणीतरी बाई आदल्या रात्री जागून करत असते.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड. अभिषेकाचे कलश, आरतीची बोली, क्षेत्राला देणगी. हे माणशी आकड्यात नसतं आणि नसावंही, कारण ते ऐच्छिक आहे. पण तिथं गेल्यावर वही घेऊन कुणीतरी फिरतं, एक एक नाव मोठ्यानं वाचलं जातं, आणि जिच्या कनवटीला दोनशे रुपये आहेत ती बाई खांबाआड उभी राहते. बैठकीत न बोलणारी ती हीच. तिला भाड्याची भीती नसते, या खांबाची असते. एका यात्रेत मी असं होताना पाहिलं आणि परतीच्या वाटेवर कुणाशी धड बोलले नाही.

त्यानंतर आमच्या मंडळाच्या कागदावर दोन ओळी वाढल्या. पहिली, देणगी ज्यांना द्यायची त्यांनी पाकिटातून द्यावी, बसमध्ये यादी वाचली जाणार नाही. यावर दोन बैठका वाद झाला. देणाऱ्याचं नाव घेतलं तर इतरांना भाव येतो, हा मुद्दा खोटा नाही; संघपतीलाही मान हवाच होता. पण मत पडलं पाकिटाच्या बाजूनं.

दुसरी ओळ डोलीची. विंध्यगिरीला सहाशेच्या वर पायऱ्या आहेत, अनवाणी चढायच्या. ज्या म्हाताऱ्या बाईला चढवत नाही तिला डोली लागते, आणि ती स्वस्त नसते. पूर्वी जिची तिनं करायची. आता तीन-चार डोल्या सर्वांच्या खर्चात धरतो. माणशी थोडे वाढतात, कुणी कुरकुर केली नाही. गेल्या खेपेला तीन लागल्या. त्यांतल्या एकीत त्र्याऐंशी वर्षांच्या एक आजी होत्या. वर पोचेपर्यंत त्या डोलीवाल्यांना घरची, मुलाबाळांची चौकशी करत होत्या, आणि उतरताना त्यांच्यासाठी शिदोरीतले दोन लाडू वेगळे काढून ठेवले होते.