पॅलेडियममधली मावशी

आत्याला १९६४च्या नाताळातला तो खेळ अजून प्रवेशागणिक आठवतो. थिएटर लंडन पॅलेडियम, नाताळात रंगणाऱ्या इंग्रजी गाण्या-विनोदाच्या खेळाचं, म्हणजे पँटोमाइमचं, नाव ‘अल्लादिन’. ती तेव्हा दक्षिण लंडनमध्ये नर्सिंग शिकत होती आणि लॅम्बेथला एका म्हाताऱ्या घरमालकिणीकडे राहत होती. पँटो पाहिल्याशिवाय नाताळ झालाच नाही, असं म्हातारीचं ठाम मत. तिनेच वरच्या मजल्यावरची तिकिटं काढली. पडदा वर गेला आणि थोड्या वेळाने आली विधवा ट्वँकी, पेकिंगात धोबीखाना चालवणारी अल्लादिनची आई. भडक झगा, ठेंगणी मूर्ती, तोंडाचा पट्टा सुरू. झग्याच्या आत होता आर्थर ॲस्की, त्या काळच्या इंग्लंडचा लाडका विनोदवीर.

आत्या नारायणगावची. घरच्या मुलींनी तमाशाला जायचं नाही हा दंडक होता, पण जत्रेत फड उभा राहिला की माडीच्या खिडकीतून गण-गौळण ऐकू यायची आणि निम्मीशिम्मी दिसायचीही. गवळणींना घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली, कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालणारी मावशी तिने तिथेच पाहिली होती. लुगडं नेसलेला तो पुरुष आहे हे सगळ्या गावाला ठाऊक, आणि तरी ती मावशीच. “अगं, त्या दिवशी मला कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही,” आत्या म्हणते. “मावशीच ती. नुसतं लुगड्याऐवजी झगा.”

अल्लादिन झाला होता क्लिफ रिचर्ड. इंग्लंडातल्या तरुण मुली ज्याच्या गाण्यांसाठी वेड्या झाल्या होत्या तो गायक, जन्माने लखनौचा. १९४८ साली घरच्यांबरोबर बोटीने इंग्लंडला गेलेला. त्याच्या ‘शॅडोज’ बँडमधले वादक विशी, वॉशी, नॉशी आणि पोशी अशा नावांनी रंगमंचावर धावपळ करत होते. आत्याच्या नर्सिंगच्या मैत्रिणी क्लिफसाठी गेल्या होत्या. म्हातारी मात्र ट्वँकीसाठी गेली होती आणि मध्यंतरात तिने आत्याला स्वतःच्या आईची गोष्ट सांगितली.

ती आई मोलकरीण. १९०२च्या नाताळात ड्रुरी लेन थिएटरात अगदी वर माळ्याजवळच्या बाकावर दाटीवाटीने बसून तिने डॅन लेनोला ‘मदर गूस’मध्ये पाहिलं. लेनो म्हणजे ठेंगणा, लाकडी बुटांच्या नाचात नाव काढलेला, म्युझिक हॉलच्या गाण्या-विनोदांचा राजा. त्याची मदर गूस म्हणजे गरीब, कुरूप बाई. तिला सोन्याची अंडी देणारी हंसी मिळते, पैसा येतो, आणि मग तिला रूपही हवंसं वाटू लागतं. लोक पोट धरधरून हसत होते आणि मोलकरणीच्या डोळ्यांना मात्र धार लागली होती, कारण त्या बाईचं ते मागणं तिला खरं वाटलं. दोनच वर्षांनी, १९०४ साली, लेनो त्रेचाळिसाव्या वर्षी वारला. घरात कुणी गेल्यासारखा शोक त्या घराने केला म्हणे.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, म्हणून पुढे मी पँटोचा माग काढत गेले. नामवंतांना आणून खेळ खपवायची तऱ्हा आजची, टीव्हीच्या जमान्यातली, असं पुष्कळांना वाटतं. ती आहे ऑगस्टस हॅरिसची. १८७९ साली ड्रुरी लेन हाती घेतल्यावर त्याने म्युझिक हॉलचे सितारे पँटोत आणले: लेनो, मारी लॉइड, लिटल टिच. पँटो बिघडवला, अशी ओरड तेव्हाही झाली. आणि ज्यांनी तो बिघडवला म्हणत होते, त्यांच्याच चालीने आज प्रत्येक ‘डेम’, म्हणजे पँटोतली पुरुषाने केलेली बाई, चालते.

त्याही आधी हे जग मुकं होतं. बोलती नाटकं करायचा परवाना लंडनमध्ये मोजक्याच थिएटरांकडे. बाकीच्यांनी गाणं, नाच, कसरत आणि मूकाभिनय यांवर भागवायचं. १८४३च्या कायद्याने ते बंधन सुटलं आणि पँटोला वाचा फुटली, ती मग कधी मिटलीच नाही. त्या आधीच्या काळाचा मानकरी विदूषक जोसेफ ग्रिमाल्डी. उड्या, पडणं, मार खाणं यांत त्याने शरीर असं झिजवलं, की १८२८ साली निरोपाच्या खेळाला तो उभाही राहू शकेना; खुर्चीत बसून त्याने शेवटचं काम केलं. वय पन्नाशीच्या आतलं. त्याच्या आठवणींचं पुस्तक संपादित केलं तरुण चार्ल्स डिकन्सने. लंडनमध्ये आजही दर फेब्रुवारीत विदूषक रंग फासून, पूर्ण पोशाखात चर्चमध्ये जमतात आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतात. कलावंताचं इतकं सुंदर वर्षश्राद्ध मला दुसरं माहीत नाही.

पँटोतल्या नामवंतांच्या रांगेत पुढे तर क्रिकेटवालेही आले. १९९१च्या नाताळात इयान बोथम बोर्नमथला ‘जॅक अँड द बीनस्टॉक’मध्ये काम करत होता आणि त्यापायी न्यूझीलंडच्या दौऱ्यावर इंग्लंडच्या संघाला उशिरा जाऊन मिळाला. आत्याचे यजमान पक्के क्रिकेटवेडे. ते चिडले होते. आत्या म्हणाली, लहान पोरांना दिलेला शब्द पाळला त्याने.

२०१६ साली पॅलेडियममध्ये २९ वर्षांनी पँटो परतला, ‘सिंड्रेला’. आत्या तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेली, गुडघे दुखत असलेली. तरी ती, मी आणि तिची सात वर्षांची नात अशा आम्ही गेलो. सव्वादोन हजारांवर खुर्च्या भरलेल्या. सावत्र आई झालेला पॉल ओ’ग्रेडी आला आणि सगळं थिएटर ‘बू’ करून उठलं. टीव्हीवर घराघरांत आवडणारा हा माणूस, आणि त्याने ती ‘बू’ दोन्ही हातांनी ओढून घेतली, कमी पडली तेव्हा आणखी मागितली. मला तिथे नामवंतांचं खरं काम कळलं. चेहरा ओळखीचा असतो म्हणून पोरं धिटाईने ओरडतात. आणि ज्याला ते ओरडणं सोसत नाही, त्याचा पँटो उभा राहत नाही, मग तो केवढाही मोठा असो. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

त्याच खेळातल्या विनोदवीर ज्युलियन क्लॅरीच्या दुहेरी अर्थाच्या कोट्यांवर मोठी माणसं एका कारणाने हसत होती, मुलं दुसऱ्या. नातीने आजीला विचारलं, तू का हसलीस? आत्या म्हणाली, त्याचे कपडे बघ ना! आणि कपडे खरोखरच तसे होते. पात्राला सावध करायला प्रेक्षकांचा ‘मागे बघ, मागे!’ हा गजर झाला तेव्हा आमच्या रांगेत सगळ्यांत मोठा आवाज आत्याचा होता, आणि तोही मराठीत.

पुढच्या वर्षी ‘डिक व्हिटिंग्टन’ होता आणि उंदरांची राणी झाली होती इलेन पेज, जिने १९८१ साली ‘कॅट्स’मध्ये ग्रिझाबेला या म्हाताऱ्या मांजरीचं काम केलं होतं. मी फोनवर ही बातमी सांगितली तर आत्या ओरडलीच, “मांजरीला उंदीर केलं? मग तर जायलाच हवं. अगं, कडेची खुर्ची बघ, गुडघ्यासाठी. आणि नातीला नको सांगूस, तिची परीक्षा आहे.”

नात शेजारीच बसली होती.