देखभाल थांबलेल्या डिपेंडन्सीची बदली

मुक्तस्रोत प्रकल्प वापरत असलेल्या एखाद्या लायब्ररीची, म्हणजेच डिपेंडन्सीची, देखभाल बंद पडली, की तिच्या जागी चालू देखभालीची लायब्ररी बसवण्याचे काम. जुना कोड जागच्या जागी चालतच राहतो, त्यामुळे हे काम सहज लांबणीवर पडते. खंडित होते ती दुरुस्ती वापरकर्त्यापर्यंत पोहोचण्याची वाट.

पायक्रिप्टो : पायथन भाषेतील ही एन्क्रिप्शनची लायब्ररी एकेकाळी सर्रास वापरली जाई. तिची २.६.१ ही शेवटची आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये निघाली. एन्क्रिप्शनच्या आरंभी द्यायचे ‘आयव्ही’ हे मूल्य ईसीबी पद्धतीत लागत नाही. तरीही ते दिल्यास पायक्रिप्टोचा सी भाषेतील कोड लांबी न तपासता ते ठराविक आकाराच्या जागेत उतरवून घेई. मूल्य लांब असेल तर शेजारची मेमरी बिघडे आणि हल्लेखोराला आपला कोड चालवण्याची संधी मिळू शके. हा दोष सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१३-७४५९ या क्रमांकाने नोंदलेला आहे. त्यावरची दुरुस्ती २०१३ च्या अखेरीस मूळ भांडारात दाखल झाली होती. पण ती सामावणारी आवृत्ती कधीच निघाली नाही. डेबियनसारख्या लिनक्स वितरणांनी ती आपल्या पॅकेजांत लावली. पायथन पॅकेजे बसवणाऱ्या ‘पिप’ या साधनाने थेट लायब्ररी घेणाऱ्यांच्या हाती मात्र सदोष २.६.१ हीच आवृत्ती येत राहिली.

बदलीचे मार्ग : पहिला मार्ग फोर्कचा, म्हणजे मूळ कोडवरून निघालेल्या स्वतंत्र प्रकल्पाचा. पायक्रिप्टोडोम हा पायक्रिप्टोचा फोर्क असून त्याने ‘क्रिप्टो’ हे आयातीचे नाव कायम ठेवले. चित्रप्रक्रियेच्या पिल या लायब्ररीची शेवटची आवृत्ती २००९ मध्ये निघाली. तिचा पिलो हा फोर्क २०१० पासून आहे. दुसरा मार्ग वेगळ्या रचनेची लायब्ररी स्वीकारण्याचा. एसएसएच जोडणीच्या पॅरामिको प्रकल्पाने २०१६ मधील २.० आवृत्तीत पायक्रिप्टो सोडून ‘क्रिप्टोग्राफी’ ही लायब्ररी घेतली. यात आपला कोड अधिक बदलावा लागतो. तिसरा मार्ग मूळ प्रकल्पाला नवा मेंटेनर मिळवून देण्याचा. यात नाव आणि वापरकर्ते टिकतात, पण विश्वासही हस्तांतरित होतो. जावास्क्रिप्टच्या इव्हेंट-स्ट्रीम पॅकेजचा ताबा घेतलेल्या नव्या व्यक्तीने २०१८ मध्ये त्यात एक घातक डिपेंडन्सी घुसवली. कोपे या बिटकॉइन वॉलेटमधील चलन लुबाडणे हा तिचा हेतू होता. लायब्ररीतील एखादेच साधे, एन्क्रिप्शनशी संबंध नसलेले फंक्शन वापरात असेल, तर ते स्वतः लिहून डिपेंडन्सी काढून टाकणे उत्तम.

वर्तनातील फरक : आयातीचे नाव तेच असले, तरी वर्तन तेच असेल असे गृहीत धरू नये. पायक्रिप्टोत पद्धत न सांगता केवळ किल्ली देऊन एईएस सायफर तयार केला, तर निमूटपणे ईसीबी लागू होई. या पद्धतीत १६ बाइटांच्या सारख्या तुकड्यांचे रूपांतरही सारखेच होते आणि मजकुराची घडण उघडी पडते. पायक्रिप्टोडोममध्ये पद्धत स्पष्ट लिहावीच लागते. जुनी ओळ त्रुटी देऊन थांबते. ही त्रुटी दडपण्यासाठी घाईने ईसीबी लिहून विषय तिथेच संपवणे चूक. आधी चालू वर्तन टिपणाऱ्या चाचण्या लिहाव्यात, जुन्या आवृत्तीने एन्क्रिप्ट केलेल्या फायली नवीने उघडतात का ते पाहावे, नव्या लायब्ररीचा परवाना तपासावा आणि मगच सुरक्षित पद्धतीकडे जाण्याचा बदल वेगळा करावा.

अप्रत्यक्ष डिपेंडन्सी : आपल्या यादीतून नाव खोडले तरी दुसरी एखादी लायब्ररी जुने पॅकेज परत ओढून आणू शकते. पायक्रिप्टो आणि पायक्रिप्टोडोम दोन्ही ‘क्रिप्टो’ याच फोल्डरमध्ये बसतात. एकाच वातावरणात दोन्ही आल्यास एकीच्या फायली दुसरीच्या फायलींवर लिहिल्या जातात. हा गोंधळ टाळण्यासाठी ‘क्रिप्टोडोम’ असे वेगळे आयातनाव असलेले पायक्रिप्टोडोमेक्स हे पॅकेज उपलब्ध आहे. बसवलेल्या पॅकेजांच्या संपूर्ण यादीतून जुने नाव गेल्यावर आणि प्रकल्पाची नवी आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावरच बदली पूर्ण झाली असे मानावे.