ट्रेलरवरून उतरवलेली छोटी बोट जमिनीवर कशी ठेवायची? घरच्या स्टँडची सोपी माहिती

शहापूर आणि मुरबाड समुद्रापासून दूर असले, तरी पाण्यापासून नाहीत. तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, तर बारवी मुरबाडच्या बाजूला. अशा पाण्यावर मासेमारीसाठी किंवा पाहणीसाठी छोट्या बोटी लागतात. बोटीचा तळ दुरुस्त करायचा असेल किंवा ट्रेलर दुसऱ्या कामाला हवा असेल, तर बोट उतरवून ठेवावी लागते. त्यासाठी घरच्या घरी लाकडी स्टँड बनवता येतो. मात्र तो चुकला, तर बोट खाली काम करणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते.

वजन कुठे पडतं?

बोटीच्या तळाशी मधोमध लांबीच्या दिशेने जाणारा कणा असतो. कोळी त्याला पठाण म्हणतात. बोटीचं वजन या कण्यावर पडायला हवं. बाजूचे आधार फक्त तोल सांभाळण्यासाठी असतात. सगळं वजन बाजूंवर पडलं, तर फायबरचा पातळ तळ आत दबतो आणि त्याला तडे जातात. कणा नसलेल्या सपाट तळाच्या बोटीला रुंद फळ्यांचा आधार द्या, म्हणजे वजन पसरतं.

स्टँड कसा बनवायचा?

सुतार लाकूड कापायला वापरतो तशा दोन मजबूत घोड्या बनवा. साधारण १२ ते १४ फुटांच्या, इंजिन काढलेल्या हलक्या बोटीला हे पुरेसं आहे.

- उंची: दीड फूट पुरे. स्टँड जितका बुटका, तितका स्थिर. पाय बाहेरच्या बाजूला पसरलेले हवेत.
- लाकूड: साग किंवा ऐन चांगला. पॅकिंगचं प्लायवूड पावसात फुगतं.
- जोड: खिळ्यांऐवजी नट-बोल्ट वापरा. दोन्ही घोड्या लांब फळ्यांनी एकमेकींना जोडा आणि तिरप्या पट्ट्या मारा. सुट्या घोड्या सरकतात.
- वरचा भाग: आडव्या तुळईत मधोमध कण्यासाठी खाच करा. दोन्ही बाजूंना पाचर बसवा आणि त्यावर जुन्या ट्यूबचं रबर लावा.
- जागा: एक घोडी मागच्या टोकाजवळ, दुसरी पुढून साधारण पाव लांबीवर. आतून आडवी बळकटी असेल तिथेच आधार द्या.

विटांचे थर, पोकळ सिमेंट ब्लॉक किंवा रिकामे ड्रम वापरू नका. विटा सरकतात, ब्लॉक फुटतात, ड्रम गंजून दबतात.

बोट उतरवताना

आधी इंजिन, बॅटरी, पेट्रोल आणि आतलं पाणी काढा. ट्रेलरच्या चाकांना अडण लावा. मागचं टोक उचलून त्याखाली पहिली घोडी ठेवा. बोट ओढली जाऊ नये म्हणून ती मागून भक्कम खुंटाला बांधा, मग अडण काढून ट्रेलर हळूहळू पुढे घ्या. ट्रेलर पूर्ण सुटण्याआधी पुढचं टोक उचलून दुसरी घोडी सरकवा आणि शेवटी दोन्ही घोड्या जोडा. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. नुसत्या जॅकवर टेकलेल्या बोटीखाली हातसुद्धा घालू नका.

खरी परीक्षा पावसाळ्यात

या भागात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणं नवं नाही. बोटीचा उघडा भाग ५ चौरस मीटर धरला, तर तेवढ्या पावसात ५०० लिटर, म्हणजे ५०० किलो पाणी आत साचतं. अनेकदा हे वजन बोटीपेक्षा जास्त असतं. म्हणून तळाचं बूच काढून ठेवा आणि पुढचं टोक थोडं उंच ठेवा, म्हणजे पाणी मागून वाहून जाईल.

दुसरा धोका मातीचा. भिजलेल्या शेतजमिनीत घोडीचा एक पाय रुतला की बोट कलंडते. मुरुमाची, उंचवट्याची जागा निवडा आणि प्रत्येक पायाखाली फूटभर रुंद जाड फळी ठेवा.

ताडपत्री मधोमध बांबू देऊन उताराची करा. तिचे दोर जमिनीतल्या खुंट्यांना बांधा, घोड्यांना कधीच नाही. वाऱ्याने ताडपत्री फुगली, तर ती आधारच ओढून काढते. मोठ्या पावसानंतर पाचरी आणि पाय तपासा. बोटीखालच्या कोरड्या जागेत साप येऊन बसतात, म्हणून आधी काठीने पाहा. मुलांना तिथे खेळू देऊ नका.

स्टँड कधी नको?

इंजिन नसलेली छोटी होडी दोन घोड्यांवर सरळ पालथी घाला, पाण्याचा प्रश्नच मिटतो. मोठ्या, जड बोटीला साखळीने जोडलेले लोखंडी स्टँडच हवेत.

आणि पुरात बचावासाठी ठेवलेली बोट पावसाळ्यात ट्रेलरवरच असू द्या. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला बोटींचाच आधार होता. अशा दिवशी घोड्यांवरून बोट उतरवत बसायला वेळ नसतो. तिची दुरुस्ती उन्हाळ्यातच उरकून घ्या.