डोहाळ्यांच्या आधीचे दोन महिने

शिवनेरीवर शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकबंधूंना हा अनुभव नवा नाही. मुले धापा टाकीत गड चढतात, वाटेत शिवाईच्या देवळात टेकतात, गंगा-जमुनेची टाकी पाहतात आणि शेवटी शिवजन्माच्या वास्तूसमोर येऊन उभी राहतात. तिथे गुरुजी जिजाऊंचे डोहाळे सांगतात. हत्तीवर, वाघावर बसावे, गड चढावेत, पांढऱ्या छत्राखाली सोन्याच्या सिंहासनावर बसावे, दुंदुभीचा आवाज ऐकावा, तलवार-भाला घेऊन लढाई करावी! मुले डोळे विस्फारून ऐकतात.

हे वर्णन गुरुजींच्या पदरचे नव्हे बरे का. कवींद्र परमानंद यांनी शिवाजीमहाराजांच्या हयातीत संस्कृतात ‘शिवभारत’ रचले, त्याच्या सहाव्या अध्यायातले ते आहे. मुलाचा पराक्रम डोळ्यांनी पाहिलेल्या कवीने तो आईच्या पोटातच दाखवून दिला. काव्याची ती रीतच आहे, त्यात कवीला दोष देण्याचे कारण नाही.

परंतु आता मी आपणांस विचारतो. आपल्या घरातल्या सुनेला, लेकीला दिवस गेले असता दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिला काय हवेसे वाटते? वाघ नको, सिंहासन नको. तिला नुसते पडून राहावेसे वाटते. फोडणीचा वास आला की ती तोंडाला पदर लावून परसात धावते. भाकरी थापायला बसली की धुराने तिला उमासे येतात. सकाळी उठल्याबरोबर पोटात काही नसताना पित्त पडते. आपण म्हणतो, ‘हिला कडक डोहाळे लागले.’ आणि पुढे म्हणतो, ‘होतंच ते, सगळ्यांनाच होतं.’ या ‘होतंच ते’चा इतिहास आज थोडा सांगावयाचा आहे. मी इतिहासाचा मास्तर, वैद्य नव्हे. तेव्हा आधी इतिहासच सांगतो.

शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. शिवभारत व जेधे शकावली या दोहोंत ती आहे आणि महाराष्ट्र शासनाने २००१ साली तीच मान्य केली. पूर्वी शके १५४९ ची वैशाखातली तिथी चालत असे, ती आता इतिहासाच्या अभ्यासकांत मागे पडली आहे. जुन्या सुइणींच्या हिशेबाने नऊ महिने नऊ दिवस मागे मोजा. १६२९ च्या मे महिन्याच्या मध्याशी आपण येतो. आता दुसरी एक तारीख पाहा. २५ जुलै १६२९, श्रावणी पौर्णिमा. त्या दिवशी दौलताबादेस निजामशहाने लखुजी जाधवरावांना दरबारात बोलावून मारले. त्यांच्याबरोबर अचलोजी व राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातूही कापला गेला. जिजाऊंचे बाप, दोन भाऊ आणि भाचा, सारे एका दिवसात गेले.

दोन्ही तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे काय दिसते? बातमी आली तेव्हा जिजाऊंना तिसरा महिना चालू होता. मळमळ आणि ओकारीचा जोर साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यात सर्वांत अधिक असतो. हे तेच दिवस. आपण त्यांच्या डोहाळ्यांविषयी बोलतो तेव्हा सिंहासन बोलतो, पण हे दिवस बोलत नाही. माहेर उद्ध्वस्त झालेली, पतीची बाजू रोज बदलणाऱ्या राजकारणात अडकलेली ती पोटुशी बाई घास कसा गिळत होती, हे कवीच्या यादीत नाही. मला विचाराल तर शिवनेरीवर मुलांना हेही सांगावे. त्याने जिजाऊ लहान होत नाहीत.

आता ‘डोहाळे’ हा शब्द घ्या. तो संस्कृत ‘दोहद’वरून आला. पण ‘दोहद’ कशावरून आला? इथे मोठी मौज आहे. एक मत असे की, मूळ शब्द ‘द्वि-हृद’, दोन हृदयांची. आपण ‘दोन जिवांची’ म्हणतो तेच. दुसरे मत असे की, मूळ ‘दौर्हृद’, म्हणजे हृदयाची दुरवस्था, जीव कासावीस होणे, सरळ सांगायचे तर मळमळ! नामांकित संस्कृत कोशांत हा अर्थ दिलेला आहे. म्हणजे ज्या शब्दाने आपण आज हौसमौज दाखवतो, त्याच्या पोटात बहुधा ओकारीच होती. पुढे शब्दाला इच्छेचा अर्थ चिकटला आणि दुखणे बाहेर पडले.

जुन्या वैद्यांना मात्र दुखणे ठाऊक होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भ राहिल्याची लक्षणे एका दमात सांगितली आहेत: विटाळ थांबणे, तोंडाला पाणी सुटणे, अन्न नकोसे होणे, ओकारी, तोंडाची चव जाणे, आंबट खावेसे वाटणे. आपल्या आजीने सांगितले असते तेच. सुश्रुतात चौथ्या महिन्याची गोष्ट येते. गर्भाचे हृदय तेव्हा प्रकट होते, म्हणून आई दोन हृदयांची होते, आणि गर्भच तिच्या तोंडून मागतो. तिची इच्छा मोडली तर मूल कुबडे, पांगळे, मंद निपजेल. म्हणून ती मागेल ते द्यावे. या समजुतीने हजारो वर्षे गरोदर बायकांना चार घास बरे मिळाले, हे कबूलच केले पाहिजे. पण नीट पाहा, काळजी कोणाची? मुलाची. मागणे मुलाचे म्हणून महत्त्वाचे. ओकारी मात्र बाईची एकटीची.

वाङ्मयातही असेच. रघुवंशात दिलीप राजाची सुदक्षिणा राणी माती खाते आणि राजाला तिच्या मुखाचा मातीचा सुवास गोड वाटतो. (आपल्याकडेही चुलीची भाजकी माती खाणाऱ्या बायका आहेत, आणि पाटीवरची पेन्सिल कोण फस्त करते हे शिक्षकांना निराळे सांगावयास नको. आजचे डॉक्टर म्हणतात, अशा बाईचे रक्त तपासा, ते कमी असण्याचा संभव असतो. त्यात राजाने सुखावण्यासारखे काही नाही.) रामायणाच्या उत्तरकांडात तर डोहाळ्याचा उपयोग भयंकर झाला. गंगातीरचे आश्रम पाहावेत ही सीतेची इच्छा. आणि ती पुरवण्याच्या निमित्तानेच लक्ष्मणाने तिला रथात बसवून नेले व अरण्यात सोडले.

आणि आपले डोहाळजेवण? हिरवी साडी, फुलांच्या वाड्या, झोपाळा, ओटी, पाच-सात भाज्या. फार सुंदर रीत आहे, ती मोडा असे मी म्हणत नाही. पण ते होते सातव्या महिन्यात. बहुतेक बायकांची मळमळ चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरलेली असते. ज्या दोन महिन्यांत ती खरोखर आडवी होते, त्या दोन महिन्यांत आपली रीत काय? ‘तीन महिने होईस्तोवर कोणाला सांगू नये, दृष्ट लागते.’ म्हणजे दुखणे असताना लपवायचे आणि दुखणे गेल्यावर ताट वाढायचे! जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडे, डिंभ्याच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला, आषाढात भाताची आवणी असते. दिवसभर कमरेत वाकून चिखलात रोप लावायचे. वाकले की उमासा येतो, पण सांगायचे कसे? घरात अजून सांगितलेले नाही.

बायकांचे दुखणे बायकांनीच शिकून बघितले पाहिजे, असे उघड म्हणणारी आपल्यातलीच एक मुलगी होती. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. १८८३ साली श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या त्या नावाच्या गावच्या कॉलेजात व्याख्यान देऊन त्यांनी सांगितले की, हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची नड आहे आणि मी त्यासाठी अमेरिकेस जाते. १८८६ साली फिलाडेल्फियास त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय कोणता घेतला? आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. आपल्या जुन्या ग्रंथांत गरोदर बाईविषयी काय म्हटले आहे, ते नव्या विद्येपुढे मांडणे त्यांना महत्त्वाचे वाटले. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वय बावीसही पूर्ण नव्हते.

पश्चिमेकडे तरी या ओकारीची कदर होती काय? शंभरात सत्तर-ऐंशी बायकांना ती थोडीफार होते. पण शंभरात एक-दोघींची ती इतकी वाढते की पाणीही ठरत नाही. शिरेतून सलाईन देण्याची सोय नव्हती तेव्हा अशा बायका मरत. शार्लट ब्राँटे ही प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार १८५५ साली गरोदरपणी वारली. कागदावर क्षय लिहिला गेला, पण पुष्कळ अभ्यासकांच्या मते ती याच ओकारीने खंगली. पुढे विसाव्या शतकात काही डॉक्टरांनी तर असे ठरवले की, बाईला मनातून मूल नको असते म्हणून ती ओकते! आपल्या ‘होतंच ते’पेक्षा हे वाईट.

मग औषधाचा घोटाळा झाला. १ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी विक्रीस आली. निर्धोक म्हणून तिची जाहिरात झाली आणि पुष्कळ देशांत गरोदर बायकांना मळमळीवर ती दिली गेली. दहा हजारांहून अधिक मुले हात-पाय खुंटलेली जन्मली. १९६१ च्या नोव्हेंबरात जर्मनीत गोळी बंद झाली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या बाई अधिकाऱ्यांनी पुरावा मागत परवानगी रोखून धरली, म्हणून तिथली असंख्य मुले वाचली. धडा खरा होता, पण भीती धड्याच्या पलीकडे गेली. डॉक्सिलामिन आणि ब-६ जीवनसत्त्व यांची मळमळीवरची जोडगोळी अमेरिकेत कोर्टकज्ज्यांमुळे १९८३ साली कंपनीने मागे घेतली. अपाय सिद्ध झालेला नव्हता. परिणाम असा की, ओकारीने इस्पितळात दाखल होणाऱ्या बायका वाढल्या. २०१३ साली तेच औषध तिथे परत आले. आपल्याकडेही डॉक्टर ते देतात. दुकानातून मनाने घेऊ नये, पण डॉक्टरांनी दिले तर घाबरूही नये.

आणि कारण? ते आता आता हाती लागले. मार्लिना फेझो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९९९ साली याच दुखण्यात आपला पंधरा आठवड्यांचा गर्भ गमावला. त्यांनी उरलेले आयुष्य त्याच्या शोधास लावले. २०१८ साली त्यांनी एका जनुकाकडे बोट दाखवले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांबरोबर ‘नेचर’ या नियतकालिकात खुलासा केला. गर्भ आणि वार यांतून जीडीएफ-१५ नावाचा एक स्राव आईच्या रक्तात येतो. ज्या बाईच्या अंगात तो आधीपासून कमी असतो, तिला त्याची सवय नसते, म्हणून तिला तो अधिक बाधतो. म्हणजे एका सुनेला काहीच होत नाही आणि दुसरी आडवी होते, यात नखरा नाही. शरीराची घडण निराळी.

आता घरात काय करावे, तेवढे सांगतो. उठण्यापूर्वी अंथरुणातच ज्वारीच्या लाह्या, चुरमुरे किंवा कोरड्या भाकरीचा तुकडा चावून खाण्यास द्यावा आणि घटकाभराने उठू द्यावे. दोन वेळच्या मोठ्या ताटापेक्षा दर दोन तासांनी थोडे थोडे. पाणी जेवणाबरोबर ढसाढसा न पिता मध्ये मध्ये घोटघोट. आले, लिंबू, आवळा यांनी पुष्कळ जणींस आराम वाटतो. फोडणी आणि चूल काही दिवस दुसऱ्या कोणी सांभाळावी. ‘दुसऱ्या कोणी’ म्हणजे सासूबाईंनीच असे नव्हे. घरात पुरुषही असतात.

पण दिवसभर पाणीही ठरले नाही, लघवी थोडी व गडद होऊ लागली, उभे राहिल्यावर अंधारी आली, वजन उतरले किंवा ओकारीत रक्त दिसले, तर लिंबू-आल्याची वेळ संपली. मग घोडेगाव किंवा जुन्नरचे ग्रामीण रुग्णालय, नाही तर मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे. सलाईन चढले की बाई बहुधा लवकर हुशारते.

आणि दृष्टीचे म्हणाल, तर सरकारी दवाखान्यात गरोदर बाईचे नाव पहिल्या बारा आठवड्यांत नोंदवावयाचे असते. तीन महिने लपवले की तेच बारा आठवडे जातात. साऱ्या गावाला सांगू नका; आशाताईला सांगा. तिच्याजवळ क्षारसंजीवनीची पुडी असते, आणि गाडीसाठी १०८ ला फोन कसा लावायचा हे तिला ठाऊक असते. आवणीच्या दिवसांत वरच्या वाड्यांचे रस्ते निसरडे होतात, तेव्हा हे रात्रीवर न ठेवता दुपारीच करावे.