लष्करचा महाराजबाडा आणि आगीचा बंब

महाराष्ट्राबाहेर वसलेल्या आपल्या समाजाचा इतिहास आपण बहुधा देवळे, वाडे आणि घराणी यांच्या आधारे सांगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागाचा इतिहास आग आणि पाणी यांच्या आधारेही सांगता येईल, असे आम्हांस वाटते.

दौलतराव शिंदे यांनी १८१० साली आपले मुख्य ठाणे उज्जैनीहून हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी दिली. या छावणीचेच पुढे शहर झाले आणि ‘लष्कर’ हे नाव त्यास कायमचे चिकटले. कंपू, शिंदे की छावनी ही वस्त्यांची नावे आजही त्याची साक्ष देतात. डेऱ्यांच्या जागी वाडे आले, वाड्यांना लागून सराफा, दाल बाजार, दौलतगंज अशा पेठा दाटल्या. या साऱ्यांच्या मध्यभागी महाराजबाडा, म्हणजेच जयाजी चौक. गोरखी महाल, टाउन हॉल, टपाल कचेरी, सरकारी छापखाना आणि व्हिक्टोरिया मार्केट अशा निरनिराळ्या शैलींच्या इमारती त्यास वेढून उभ्या आहेत.

आगीशी लढावयाचे तर आधी पाणी हवे. ग्वाल्हेरचा उन्हाळा किती कडक असतो, हे तेथे राहिलेल्यांस सांगावयास नको. सांक नदीवरील तिघरा धरण १९१६ च्या सुमारास बांधून झाले. सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासल्यास बसविलेले स्वयंचलित दरवाजे येथेही योजिले होते. परंतु वालुकाश्माच्या पायातून पाणी झिरपले आणि १९१७ च्या ऑगस्टात धरण फुटले. पुढे ते पुन्हा उभारण्यात आले व त्याचे पाणी आजही शहरास मिळते. आगीच्या बंबात भरले जाणारे पाणी असा मोठा इतिहास मागे ठेवून आलेले असते.

तथापि पाणी असूनही हानी टळतेच असे नाही. माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ बांधलेले व्हिक्टोरिया मार्केट २०१० च्या उन्हाळ्यात आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दगडी सांगाडा तेवढा उरला. दुकानदारांची आयुष्यभराची पुंजी राख झाली. इमारतीची डागडुजी होण्यास पुष्कळ वर्षे लागली. २०२४ साली तेथे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संग्रहालय उघडले. वास्तू वाचली, पण जुना बाजार त्या वास्तूत परत आला नाही, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही.

ग्वाल्हेरकर ज्यास ‘दमकल’ म्हणतात, तो बंब महानगरपालिकेचा. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांच्या कामांमध्ये अग्निशमन सेवेचाही समावेश आहे. म्हणजे बंब आपल्याच नगराचा, आपल्याच कराचा. त्याच्या जवानांचे मोल मात्र संकटाच्या घडीखेरीज आपल्या ध्यानी येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजास आग लागली. त्यात कापसाच्या गठ्ठ्यांसोबत दारूगोळाही भरलेला होता. आग विझवीत असताना जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान प्राणांस मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. तो नेमका उन्हाळ्याच्या तोंडाशी यावा, हा योगायोग आपणांस सावध करणारा आहे.

आता आपल्या मंडळींविषयी दोन शब्द. दसऱ्यास गोरखीच्या देवघरात शिंदे घराण्याची पूजा होते. ढोलीबुवांच्या मठात हरिकथेची परंपरा चालत आली आहे. समई, निरांजन, कापूर यांवाचून आपले एकही देवकार्य होत नाही. अग्नी हा आपला देव आहे, म्हणूनच त्यास त्याच्या मर्यादेत ठेवणे हे आपले कर्तव्य होय. उत्सवाच्या मंडपाने गल्लीचे तोंड बुजवू नये. मंडपातील विजेच्या तारा जाणत्याकडून तपासून घ्याव्या. देवघरातील समई कापडी पडद्यापासून दूर असावी. घरातील लहानथोरांस १०१ हा क्रमांक पाठ असावा.

छावणीत राहणारा शिपाई रात्री निजण्यापूर्वी शेकोटी विझवीत असे. लष्करात राहणाऱ्या आपणही तेवढे विसरू नये. बंब वाटेतच अडकला, तर तिघऱ्याचे पाणी काय कामाचे?