गंजलेल्या पत्र्याचा इतिहास : कोळसा, छप्पर आणि आपली वस्ती

पावसाळा तोंडावर आला की घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंडच्या डोंगरउतारावरच्या झोपड्यांपर्यंत एकच धांदल सुरू होते. पत्र्यावर ताडपत्री ओढायची, भोकांत डांबर भरायचे, वारा लागू नये म्हणून वर विटा आणि जुने टायर ठेवायचे. "पत्रा आहे, गंजणारच," असे म्हणून आपली माणसे हा खर्च दरसाल मुकाट्याने सोसतात. आम्हाला हे मान्य नाही. या गंजाला रसायनशास्त्र आहे आणि सामाजिक इतिहासही आहे. चळवळीतल्या तरुणांना दोन्ही ठाऊक असले पाहिजेत.

सुरुवात छपरापासून करू. गावगाड्यात डोक्यावर काय असावे हेही जात ठरवत होती. अस्पृश्यांनी कौलारू घर बांधणे हा गुन्हा मानला जाई. अस्पृश्यांवर लादलेल्या अशा नियमांची यादी बाबासाहेबांनी नोंदवून ठेवली आहे, त्यात हा नियमही आहे. त्या गावांतून आपले आजोबा-पणजोबा मुंबईला आले. १९७२च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणखी माणसे आणली. इथे कौलांना बंदी नव्हती, पण पायाखालची जमीन नावावर नव्हती. उद्या तोडायला येतील त्या घरावर कौले कोण चढवणार? म्हणून पत्रा आला.

हा पन्हाळी पत्रा साहेबाच्या देशातला. १८२९ साली लंडनमध्ये हेन्री पामरने त्याचे पेटंट घेतले. १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हलका, स्वस्त आणि जहाजातून नेता येणारा हा पत्रा साम्राज्याच्या गोदामांवर, बराकींवर आणि रेल्वेच्या शेडवर चढला. तिथून तो गरिबाच्या घरावर आला.

जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. स्वच्छ हवेत जस्तावर एक पातळ, चिवट थर जमतो आणि तो पुढची झीज रोखतो. दगडी कोळसा जळला की त्यातल्या गंधकाचा सल्फर डायऑक्साइड होतो. तो ओलाव्यात मिसळला की आम्ल तयार होते. हे आम्ल तो रक्षक थर विरघळवते. त्यातून झालेले झिंक सल्फेट पाण्यात विरघळणारे असल्याने पहिल्याच सरीत वाहून जाते. पुन्हा उघडे जस्त, पुन्हा आम्ल. कोळशाचा धूर आणि आम्लयुक्त पाऊस यांचा संबंध रॉबर्ट अँगस स्मिथने मँचेस्टरमध्ये १८५२ सालीच दाखवला होता. म्हणजे हे ज्ञान राज्यकर्त्यांकडे पावणेदोनशे वर्षांपासून आहे.

मुंबईत घर उबदार ठेवायला कोणी कोळसा जाळत नाही. इथला कोळसा गिरण्यांच्या बॉयलरचा, १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या आगगाडीचा, बेकरीच्या भट्टीचा आणि चाळीतल्या शेगडीचा. सरकारने १९१२ साली धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत गिरण्यांना मिळू लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची गाडी धावली. शहराच्या मध्यावरचा धूर असा कमी होत गेला. पण १९५६ साली तुर्भ्याचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले ते पूर्व उपनगरांच्या कुशीत. त्याच पट्ट्यात चेंबूर, गोवंडी, मानखुर्दच्या वस्त्या वाढल्या. वीज सगळ्या शहराला गेली, धुराडे मात्र कष्टकऱ्यांच्या शेजारी उभे राहिले.

आता हिशोब पाहू. स्वस्त पत्र्यावर दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम साडेआठ मायक्रॉन. चांगल्या पत्र्यावर २७५ ग्रॅम असते, म्हणजे एका बाजूला सुमारे १९ मायक्रॉन. कारखानदारी आणि समुद्र एकत्र असतील अशा कडक हवेत जस्त वर्षाला चार ते आठ मायक्रॉन झिजू शकते. स्वस्त पत्र्याचे कवच एक-दोन वर्षांत संपते ते यामुळेच. ज्याच्या खिशात पैसा कमी, त्याला पत्रा लवकर बदलावा लागतो. गरिबी अशी महाग पडते.

कोणी म्हणेल, भारतीय कोळशात गंधक कमी असते, दोष खाऱ्या वाऱ्याचा आहे. पहिली गोष्ट खरी आहे. शेगडीतल्या लाकडी कोळशात तर गंधक नावालाच असते. पण आपल्या दगडी कोळशात राख भरपूर असते. ती राख आणि काजळी पत्र्याच्या पन्हाळीत साचते आणि ओल धरून ठेवते. मीठ, आम्ल आणि ओल एकत्र आले की झीज वाढते. पत्र्याच्या खालच्या बाजूला तर पाऊसही पोचत नाही, त्यामुळे तिथे साचलेले धुतलेच जात नाही. स्वयंपाकाची वाफ रात्री थंड पत्र्याला लागून पाणी होते, आणि गंज घराच्या आतूनही चढतो.

पत्र्याला कंटाळून लोकांनी सिमेंटचे पत्रे घातले. ते सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे बनवणारा एव्हरेस्टचा कारखाना मुलुंडलाच होता. अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी फुप्फुसाचे रोग होतात हे आज जगाला माहीत आहे. गंज टाळायला गेलो तर तंतू वाट्याला आले.

मग स्लॅब का नाही टाकला? कारण टाकू दिला नाही. १९७६च्या झोपडपट्टी गणनेनंतर फोटोपास आले, पण घर १४ फुटांच्या वर नेले की पालिकेचा हातोडा ठरलेला. गावात कौलांना नकार होता, शहरात स्लॅबला. नकाराची भाषा बदलली, एवढेच.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. डिसेंबर १९४३मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली. १९४४ साली खाणकामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याच खात्यातून त्यांनी देशाच्या वीज धोरणाचा पाया घातला. इंधन, श्रम आणि घर हे त्यांच्या लेखी एकाच प्रश्नाचे भाग होते. आपणही तसेच पाहिले पाहिजे.

जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोळसा-लाकडावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. हे योग्यच झाले. मात्र भट्टीवरच्या कामगाराची रोजी जाणार नाही, हेही पाहावे लागेल. आणि हाच नियम मोठ्या धुराड्यांना कधी लागणार, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

तरुणांनी यंदा एवढे करावे. आपल्या वस्तीतल्या पन्नास घरांची नोंद घ्यावी : पत्रा कधी घातला, कोणता घातला, किती वर्षांत फुटला, किती खर्च आला. ती वही घेऊन वॉर्ड ऑफिसात जावे आणि दुरुस्तीची परवानगी, चांगला पत्रा, पुनर्विकास होईपर्यंत सुरक्षित छप्पर मागावे. तोंडी तक्रार साहेब ऐकून सोडून देतो. पन्नास घरांच्या नोंदीला त्याला लेखी उत्तर द्यावे लागते.

जय भीम!