परमुलखातले नववीचे वर्ष

परक्या समाजाची ओळख हा शालेय शिक्षणाचा भाग मानावा आणि प्रमाणपत्रावर तिची वेगळी नोंद व्हावी, ही कल्पना दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. इंदूर जिल्ह्यात ती दोन वाटांनी आली. एक वाट श्रीमंत निवासी शाळांची, दुसरी सरकारी नवोदय विद्यालयाची. पहिलीच्या वाट्याला पदके, परिषदा आणि प्रमाणपत्रे आली. दुसरीत मुले खरोखरच वर्षभर परप्रांतात जाऊन राहिली, पण त्याची कागदोपत्री दखल फारशी कोणी घेतली नाही.

पहिल्या वाटेचे मूळ डेली कॉलेजात आहे. १८७० मध्ये इंदूरच्या रेसिडेन्सीत सुरू झालेल्या शाळेला पुढे १८८२ मध्ये सर हेन्री डेली यांचे नाव मिळाले. मध्य भारतातल्या संस्थानिकांच्या मुलांना इंग्रजी वळण लावणे हा तिचा उद्देश. एकाच छताखाली मराठी, राजपूत आणि मुसलमान राजकुळांतली मुले राहत, म्हणून तिला बहुसांस्कृतिक म्हणता येईल. पण ही विविधता एकाच थरातली होती. भाषा आणि धर्म निराळे, हुद्दा मात्र सारखा. सर्वसामान्यांच्या मुलांना गुणवत्तेवर प्रवेश देण्याचा निर्णय १९४० मध्ये झाला, तेव्हा कुठे हे चित्र पालटू लागले.

अशा निवासी शाळांना जागतिक चौकट मिळाली ती कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञामुळे. १९२० मध्ये त्याने जर्मनीत सालेम येथे शाळा काढली. नाझींनी १९३३ मध्ये त्याला अटक केली. सुटका झाल्यावर तो ब्रिटनला गेला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन ही शाळा त्याने सुरू केली. त्याच्या विचारांच्या शाळांचा ‘राउंड स्क्वेअर’ हा संघ १९६६ मध्ये उभा राहिला. गॉर्डनस्टनच्या आवारातल्या एका वर्तुळाकार जुन्या इमारतीवरून हे नाव पडले. आंतरराष्ट्रीयता, लोकशाही, पर्यावरण, साहस, नेतृत्व आणि सेवा ही संघाची सहा सूत्रे. विद्यार्थ्यांची अदलाबदल आणि वार्षिक परिषद हे त्याचे मुख्य काम. इंदूरमधली डेली कॉलेज आणि एमराल्ड हाइट्स या दोन्ही शाळा या संघाच्या सदस्य आहेत. २०१९ ची आंतरराष्ट्रीय परिषद एमराल्ड हाइट्सने इंदुरात भरवली.

पदविकेच्या अंगाने पाहिले तर जिनिव्हात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलरिएट संस्थेचे काम अधिक ठोस आहे. देशोदेशी बदल्या होणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात चालेल असे एक प्रमाणपत्र हवे होते. गरज इतकी व्यावहारिक होती. सहा विषय, प्रत्येकाला जास्तीत जास्त ७ गुण, दीर्घ निबंध आणि ज्ञानमीमांसेचे मिळून ३, अशी ४५ गुणांची ही पदविका. मातृभाषेखेरीज दुसरी भाषा शिकणे तिच्यात अनिवार्य आहे, आणि दोन भाषांत ठरावीक अभ्यास पुरा करणाऱ्याला ‘द्वैभाषिक पदविका’ मिळते. परक्या संस्कृतीच्या अभ्यासाला प्रमाणपत्रावर मिळालेली ही सर्वात स्पष्ट पावती म्हणावी लागेल. भारतात हा अभ्यासक्रम कोडाईकनालच्या शाळेत १९७६ पासून आहे. महाराष्ट्रात मुळशी तालुक्यात १९९७ मध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेजांच्या मालिकेतले महिंद्रा कॉलेज उघडले. या मालिकेतले पहिले कॉलेज हानच्याच प्रेरणेने १९६२ मध्ये वेल्समध्ये निघाले होते. मुळशीतही अनेक देशांतली मुले दोन वर्षे एकत्र राहून हीच पदविका घेतात.

दुसरी वाट दिल्लीतून निघाली. १९८५ मध्ये राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात मनुष्यबळ विकास खाते पी. व्ही. नरसिंह राव यांच्याकडे आले. १९७१ मध्ये तेलंगणातल्या सर्वेल येथे निघालेली निवासी शाळा ही त्यांच्याच पुढाकाराची. मराठीशी त्यांचे नाते जवळचे होते: ते फर्ग्युसनमध्ये शिकले होते आणि हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. ग्रामीण भागातल्या हुशार मुलांसाठी जिल्ह्यागणिक एक निवासी शाळा, या नवोदय योजनेची पहिली दोन प्रायोगिक विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणात झज्जर आणि महाराष्ट्रात अमरावती येथे सुरू झाली. इंदूर जिल्ह्याचे नवोदय विद्यालय आग्रा-मुंबई रस्त्यावर मानपूरला आहे.

नवोदयची खरी नवलाई तिच्या ‘मायग्रेशन’मध्ये आहे. नववीतली ३० टक्के मुले एका वर्षासाठी दुसऱ्या भाषिक प्रदेशातल्या नवोदयमध्ये जातात आणि तिकडची तितकीच इकडे येतात. अदलाबदल हिंदी आणि हिंदीतर जिल्ह्यांमध्ये होते. वर्ग ८० चा भरलेला असेल तर २४ मुले. महाराष्ट्राशी जोडलेल्या हिंदी पट्ट्यातल्या विद्यालयात सहावीपासून सगळ्यांनाच मराठी ही तिसरी भाषा म्हणून शिकवली जाते. म्हणजे पाहुणी मुले येण्याआधी यजमान मुलांनी बाराखडी गिरवलेली असते. नववीच का, याचे उत्तर सरळ आहे. त्या वयात मूल घराबाहेर राहायला सरावलेले असते आणि बोर्डाची परीक्षा अजून वर्षभर लांब असते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला, त्यातही मुलीला, शेकडो मैल दूर पाठवायला पालक सहजी तयार होत नाहीत, ही योजनेची जुनी अडचण. तरीही सरकारने इतक्या मोठ्या प्रमाणावर चालवलेला असा दुसरा शालेय प्रयोग भारतात सापडत नाही. सीबीएसईच्या दहावीच्या गुणपत्रिकेत मात्र या वर्षासाठी एकही रकाना नाही.

सीबीएसईने जागतिक अभ्यासक्रमाचा स्वतःचा प्रयोगही करून पाहिला. ‘सीबीएसई-आय’ या नावाने २०१० मध्ये सुरू झालेला तो अभ्यासक्रम २०१७ मध्ये गुंडाळला गेला. खंडवा रस्त्यावर सिमरोलला २००९ साली स्थापन झालेल्या आयआयटी इंदूरचे आवार उभे राहिले, तेव्हा देशाच्या सगळ्या प्रांतांतली मुले या गावाच्या वेशीशी राहायला आली. पण ती बारावीनंतर आणि प्रवेश परीक्षेच्या क्रमांकावर. प्रांतांची सरमिसळ तिथे आपसूक होते, अभ्यासक्रमाने ती योजलेली नाही. शाळांनाही सामावून घेणारे ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ २०१५ मध्ये जाहीर झाले. त्यात मध्य प्रदेशाची जोडी मणिपूर आणि नागालँडशी, महाराष्ट्राची ओडिशाशी लावली गेली. २०१८ च्या ‘भाषा संगम’ उपक्रमात शाळांतून बावीस भाषांतली प्रत्येकी पाच वाक्ये शिकवण्यात आली. त्यांना मानपूरच्या वसतिगृहातल्या एका वर्षाची सर येणे शक्य नव्हते. पण हा उपक्रम प्रत्येक शाळेला झेपणारा होता, आणि नवोदयची अदलाबदल जिल्ह्यातल्या एकाच शाळेपुरती राहिली.